स्टेपल इनचं बंद फाटक आणि रात्रीची बस

आधी निकाल सांगतो, हकिकत मग. ॲक्च्युअरीच्या (विमा-पेन्शनची जोखीम गणिताने मोजणाऱ्याच्या) परीक्षांमध्ये अडकलेल्या कुणाला लंडन-एडिनबराचा योग आला, तर लंडनचं बनहिल फील्ड्स आणि एडिनबराचं ग्रेफ्रायर्स ही दोन कबरस्तानं चुकवू नका. स्टेपल इनला, म्हणजे ॲक्च्युअरींच्या संस्थेच्या लंडनमधल्या जुन्या इमारतीला, रविवारी जाऊ नका. आणि "रात्रीच्या बसने एडिनबरा गाठ, हॉटेलचे पैसे वाचतात" असं जो सांगेल, त्याला पुन्हा कधी काही विचारू नका.

मला ही सगळी माहिती एकाच माणसाने दिली. आमच्या पुण्याच्या ऑफिसातले एक सीनियर आहेत, सगळे पेपर सुटून फेलो होऊन बरीच वर्षं झालीत, लंडनला तीनदा जाऊन आलेत. कामासाठी मला मार्चमध्ये दोन आठवडे लंडनला पाठवलं, त्याला मी दोन दिवसांची रजा जोडली. एप्रिलच्या पेपराला तीन आठवडे उरलेले होते. घरी आई म्हणाली, "परीक्षा तोंडावर आली आणि तू तिकडे स्मशानं बघत हिंडणार?" सीनियर म्हणाले, "जा रे, स्टेपल इनचा हॉल बघ. छताच्या लाकडी कमानी बघून अंगावर काटा येतो. स्टुडंट कार्ड दाखवलंस की आत सोडतात."

पुढचं लिहिताना मी धरून चालतोय, की तुमच्याकडे पाणी न शिरणारे बूट आहेत, वारा अडवणारं जॅकेट आहे, दिवसाला पंधरा किलोमीटर चालता येतं आणि सीएम१ (विम्याच्या गणिताचा पेपर) सुटलेला आहे. सुटला नसेल तर घरी बसा.

शनिवारी बनहिल फील्ड्स. ओल्ड स्ट्रीट स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं, प्रवेश फुकट. बहुतेक लोक लेखक डेफो आणि कवी ब्लेक यांच्यासाठी येतात. आपली माणसं दोन: थॉमस बेज आणि रिचर्ड प्राइस. बेज वारला १७६१ साली. त्याच्या कागदांतून संभाव्यतेवरचा तो प्रसिद्ध निबंध काढून १७६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवला प्राइसने, आणि हाच प्राइस पुढे इक्विटेबल सोसायटी या विमा संस्थेला विम्याच्या हिशेबात सल्ला देत होता. त्याचा भाचा विल्यम मॉर्गन तिथलाच ॲक्च्युअरी झाला. म्हणजे सीएस१ या संख्याशास्त्राच्या पेपरातला बेज आणि सीएम१ मधला प्रीमियम एकाच आवारात पुरलेले आहेत. बरीचशी थडगी लोखंडी कुंपणाच्या आत आहेत, त्यामुळे मान वाकडी करून वाचावं लागतं. बेज घराण्याच्या थडग्याची १९६९ मध्ये डागडुजी झाली, जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांनी वर्गणी काढून. हे तिथे दगडावरच कोरलंय.

कबरस्तानाला लागून बनहिल रो आहे, आणि तिथे बेज बिझनेस स्कूल. २०२१ पर्यंत याचं नाव कॅस होतं. जॉन कॅसचा गुलामांच्या व्यापाराशी संबंध म्हणून ते बदललं. शेजारीच पुरलेला माणूस हाताशी होता, हे बरं झालं. इथे ॲक्च्युअरिअल सायन्सची पदवी मिळते आणि चांगले मार्क पडले तर ॲक्च्युअरींच्या संस्थेच्या बऱ्याच पेपरांतून सूट मिळते. मी रस्त्यावर उभा राहून हिशेब केला. २०१९ पासूनच्या ज्या अभ्यासक्रमात मी शिरलो, त्यात सीएम (गणित) दोन, सीएस (संख्याशास्त्र) दोन, सीबी (व्यवसाय) तीन, मग सीपी (प्रत्यक्ष कामाचे) तीन, आणि खास विषयांचे एसपी दोन, एसए एक, असे तेरा पेपर. बहुतेक पेपरांना वर्षातून दोनच संधी, एप्रिल आणि सप्टेंबर. शिवाय कामाचा अनुभव नोंदवत राहायचा तो वेगळा. त्या इमारतीतून बाहेर पडणारं पोरगं यातले निम्मे पेपर कॉलेजातच टाकून येतं, आणि आपण ऑफिस सुटल्यावर रात्री अकराला सीपी१ उघडतो. कुणाचं चुकलं असं नाही, पण पोटात दुखतं.

रविवारी स्टेपल इन. चान्सरी लेन स्टेशनातून वर आलात की समोरच हाय होबर्नवर ती काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींची पुढे झुकलेली इमारत दिसते. १५८५ च्या सुमाराची आहे आणि १६६६ च्या आगीतून वाचली आहे. १८४८ साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज १८८७ पासून इथे बसायची. तिची आणि १८५६ च्या एडिनबराच्या फॅकल्टी ऑफ ॲक्च्युअरीजची २०१० मध्ये एकच संस्था झाली. सीनियरांनी वर्णन केलेल्या कमानींबद्दल जाण्याआधी मी थोडं वाचायला हवं होतं. जुना हॉल ऑगस्ट १९४४ मध्ये उडत्या बॉम्बने उद्ध्वस्त झाला. आज आहे तो युद्धानंतर पुन्हा उभारलेला.

पण मला तोही दिसला नाही. आतल्या चौकाचं फाटक बंद होतं. रविवार! स्टुडंट कार्ड दाखवायचं कुणाला? फाटकाच्या गजांना? मी वीस मिनिटं तिथे घुटमळलो, शेजारच्या दुकानात चौकशी केली, परत आलो. शेवटी सीनियरांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, मी एका कार्यक्रमाला गेलो होतो, आमंत्रण होतं." हे आधी सांगायचं होतं ना!

तर नीट ऐका. तो हॉल म्हणजे संग्रहालय नाही. चौक बघायचा असेल तर कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी जा. हॉल फक्त कार्यक्रमाच्या आमंत्रणावर बघायला मिळतो, असं धरूनच निघा. आणि सवलती, फी, निकाल यांतलं काहीही विचारायला संस्थेच्या दारात जायचा विचार सोडा. ते सगळं ऑनलाइन चालतं, पुण्यात बसून जे होतं तेच तिथे होतं. समोरच्या फुटपाथवरून फोटो काढा, दहा मिनिटांत उरका.

आता रात्रीची बस.

लंडन ते एडिनबरा साडेसहाशे किलोमीटर. रेल्वेगाडीने साडेचार तासांच्या आसपास लागतात. बसला रात्रभर. बसचं तिकीट एकतीस पौंड, म्हणून मी खूश होतो. व्हिक्टोरिया कोच स्टेशनवर साडेदहाला रांग लागली, बस सुटली सव्वाअकराला. आपल्याकडची स्लीपर डोळ्यांसमोर आणू नका. खुर्च्या ताठ, मागे झुकतात त्या चार बोटं. माझी जागा शौचालयापासून दुसरी. त्या दाराची कडी नीट बसत नव्हती, त्यामुळे वळण आलं की दार उघडायचं, वास यायचा, पुन्हा दार आपटायचं. मी मोजत बसलो. पहिल्या तासात एकोणीस वेळा. दुसऱ्या तासात चौदा, कारण रस्ता सरळ झाला. तिसऱ्या तासात मी पायाने दार दाबून धरलं आणि पायाला मुंग्या आल्या. वरून थंड हवेचा झोत, तो बंद करायचं बटण तुटलेलं. अडीचला महामार्गावरच्या एका थांब्यावर दिवे लावून सगळ्यांना उठवलं, वीस मिनिटं. चहा चार पौंड. कार्ड लावलं तर मशीनने विचारलं, रुपयांत घ्यायचे की पौंडांत? झोपेत मी रुपये दाबले. त्यांचा दर माझ्या बँकेपेक्षा इतका वाईट, की तो चहा मला चांगलाच महाग पडला. मशीन विचारेल तेव्हा पौंडच दाबायचं, कायम. रक्कम छोटी आहे, पण दोन आठवडे हॉटेलातही हेच होत राहिलं तर आकडा छोटा राहत नाही.

जोखीम मोजणं हा ज्याचा धंदा, त्याने हॉटेलचे पैसे वाचवायच्या नादात दुसऱ्या दिवसाची किंमत शून्य धरली. पैज लावून सांगतो, या बसने जाणारा कुणीही दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कामाचा राहत नाही.

सकाळी साडेआठला सेंट अँड्र्यू स्क्वेअर, एडिनबराचं बस स्थानक. पाऊस तिरका. हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार, म्हणून बॅग ठेवायला एक दुकान गाठलं. त्यांनी दाराबाहेरच्या पाटीपेक्षा तीन पौंड जास्त घेतले, "मोठी बॅग" म्हणून. ती बॅग विमानात केबिनमध्ये आली होती! मी वाद घातला नाही, त्राण नव्हतं. तुम्ही घाला. तिथून ग्रेफ्रायर्स म्हणजे आधी उतार आणि मग नुसता चढ. नकाशात ते जवळ दिसतं. नकाशा सपाट असतो, एडिनबरा नाही.

ग्रेफ्रायर्सच्या कोपऱ्यावर एका कुत्र्याचा पुतळा आहे. त्याभोवती शंभर माणसं, नाक घासून घासून चकचकीत केलेलं. तिकडे बघू नका, आत जा. चर्चच्या दक्षिण भिंतीवर कॉलिन मॅक्लॉरिनचा लॅटिन शिलालेख आहे. तिथे मी एकटा होतो.

हाच तो गणितातल्या मालिकेवाला मॅक्लॉरिन, पण आपल्यासाठी त्याचं दुसरं काम मोठं. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर हे दोन पाद्री. वेबस्टर दारूचा दर्दी म्हणून गावात प्रसिद्ध. पाद्री वारला की त्याची बायको-मुलं उघड्यावर पडतात, म्हणून या दोघांनी १७४४ साली विधवांसाठी फंड उभा केला. दरवर्षी जमेल ते त्याच वर्षी वाटून टाकायचं, असं नाही. हप्ते गुंतवायचे आणि व्याजातून पेन्शन द्यायचं. त्यासाठी आधी मोजावं लागलं. स्कॉटलंडभरात साधारण ९३० पाद्री, वर्षाला सरासरी २७ मरतात, त्यांतल्या १८ जणांच्या मागे विधवा उरते. धूमकेतूवाल्या हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या मृत्यूंवरून केलेला तक्ता त्यांनी वापरला, आणि ते आकडे तपासले मॅक्लॉरिनने. हप्त्याचे चार दर होते, विधवेला वर्षाला १० ते २५ पौंड. पुढच्याच वर्षी जॅकोबाइटांचं, म्हणजे पदच्युत राजघराण्याच्या समर्थकांचं, बंड झालं. मॅक्लॉरिन एडिनबराच्या तटबंदीच्या कामात राबला, शहर बंडखोरांच्या हाती पडल्यावर यॉर्कला पळाला, तब्येत खालावली आणि १७४६ मध्ये गेला. वेबस्टरने १७५५ मध्ये सगळ्या स्कॉटलंडची शिरगणती केली, माणसं भरली १२,६५,३८०.

मी त्या भिंतीला टेकून पाऊण तास उभा होतो. झोप नाही, पायात पाणी, आणि तरी मजा येत होती. आजूबाजूच्या थडग्यांवरची वयं वाचायला लागलो. पेपरात आपण ज्या एएम९२ टेबलवर हिशेब करतो, ते ब्रिटनमधल्या विमा उतरवलेल्या पुरुषांच्या १९९१ ते १९९४ च्या मृत्यूंवरून केलेलं. सतराव्या वर्षी दहा हजार जण जिवंत, तिथून एकेक गळत जातात. पुण्यात खोलीत बसून मी वर्षानुवर्षं याच देशातल्या मेलेल्यांची बेरीज-वजाबाकी करत आलो. १९४४ साली आपल्याकडे ॲक्च्युअरिअल सोसायटी निघाली तरी परीक्षा बराच काळ लंडनच्याच होत्या. आता २००६ च्या कायद्याने आपली स्वतंत्र इन्स्टिट्यूट आहे, पण पेपरांची नावं अजून तीच, सीएम आणि सीएस. हे सगळं तिथे अंगावर आलं, कदाचित झोप झाली नव्हती म्हणूनही. तेव्हा ग्रेफ्रायर्सला दहापैकी दहा देतोय, ते जरा जपून घ्या.

मंगळवारी ऊन पडलं, मर्चिस्टनला लॉगॅरिदमवाल्या नेपियरचा मनोरा पाहिला, हेरियट-वॉट विद्यापीठाचं आवार पाहिलं. छान होतं.

परतीचं तिकीट मी आधी काढलं नव्हतं. बस नको एवढं नक्की होतं, म्हणून वेव्हर्ली स्टेशनवर जाऊन त्याच दिवशीचं गाडीचं तिकीट मागितलं. दीडशे पौंडांच्या वर. तेच तिकीट काही आठवडे आधी काढलं असतं तर निम्म्याहूनही कमीत मिळालं असतं. वय तीस किंवा त्याहून कमी असेल तर रेलकार्ड काढा, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. मी चौतीस वर्षांचा, मला काही नाही. दोन्ही बाजूंची तिकिटं घरून निघायच्या आधी काढा, दोन्ही गाडीची. आणि लंडनकडे येताना डावीकडची खिडकी घ्या, बर्विकपर्यंत समुद्र त्या बाजूला असतो. मला मिळाली उजवीकडची, आणि डनबार यायच्या आतच मी झोपलो होतो.