ताज्या पिठाचा वॉफल : आमची वाटचाल

सोलापुरात ज्वारीचे कोणाला नवल नाही. परंतु त्याच ज्वारीचे वॉफल करून विकणार म्हटल्यावर पहिली शंका घरातूनच निघाली. धाकटी नणंद तेवढी पाठीशी उभी राहिली. तिने भिशीचे पैसे घातले, त्यातून एक घरघंटी आणि बिडाचे दोन साचे आले. ते साचे आजही चालू आहेत. त्यांना आम्ही साबण लावत नाही. काम संपले की कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवतो.

ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी. तिच्यात ग्लुटेन नसते, त्यामुळे नुसत्या गार पाण्यात पीठ कालवले तर वॉफल साच्यातून तुकड्यांनीच निघतो. भाकरीच्या पिठाला आधण घालतात, त्याच न्यायाने आम्ही एक तृतीयांश पिठाची उकड काढतो, ती निवल्यावर उरलेले पीठ, ज्वारीइतकेच खपली गव्हाचे पीठ, आंबट ताक आणि तूप मिसळून अर्धा तास झाकून ठेवतो, कारण कोंड्याला पाणी शोषायला वेळ लागतो. खायचा सोडा अगदी शेवटी घालावा, कारण ताकात पडताच तो फसफसू लागतो. घरी करणाऱ्यांनी वाफ थांबेपर्यंत झाकण उघडू नये आणि झालेले वॉफल एकावर एक न रचता जाळीवर ठेवावेत, अन्यथा ते स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात.

सुरुवातीची वर्षे ठीक गेली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी आमच्यापासून चार दुकानांवर ‘अस्सल ज्वारी वॉफल’ अशी पाटी लागली. तिथले काम सोडून आमच्याकडे आलेल्या मुलाने सांगितले, की तयार मिश्रण पोत्यातून येते आणि त्यात मैदाच अधिक असतो. दर मात्र आमच्या निम्मा. ज्या गिऱ्हाइकांना आम्ही ज्वारीचा वॉफल खायला शिकवले, तीच तिकडे रांग लावून उभी राहिलेली रोज पाहावी लागली, हे मला आजही सलते.

दर उतरवण्यासाठी आम्ही घरघंटी बंद ठेवून बाजारातले दळलेले पीठ आणले, आणि हीच आमची मोठी चूक झाली. वॉफल साच्याला चिकटू लागले. नव्या मुलाने तारेच्या घासणीने साचे खरवडले आणि इतक्या वर्षांत बसलेला तेलाचा थर निघून गेला. एका वाढदिवसाची संपूर्ण ऑर्डर परत आली, आणि त्या महिन्याचे भाडे नणंदेने पुन्हा स्वतःच्या पैशांतून भरले.

दर रविवारी येणारे एक निवृत्त गुरुजी तेव्हाही येत राहिले. पहिलाच घास घेऊन ते म्हणाले, "ताई, हे पीठ विरी गेलंय. याची भाकरीसुद्धा थापता येणार नाही." विरी जाणे म्हणजे पीठ जुने होऊन त्याचा बांधून राहण्याचा गुण जाणे. त्याच संध्याकाळी ते पोते आम्ही जनावरांना घातले आणि घरघंटी सुरू केली. साच्यांवर पुन्हा थर बसायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस गुरुजींनी तुटके वॉफल पूर्ण दराने घेतले. ज्वारीचे पीठ आठवड्याच्या वर ठेवू नये, हे तेव्हापासून आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

‘अस्सल ज्वारी वॉफल’ पाटीचे ते दुकान पुढे बंद पडले. तरीही नवे गिऱ्हाईक आले की आधी विचारते, "यात मैदा नाही ना?" मी पिठाचा डबा उघडून त्याच्यासमोर ठेवते.