मिरच्यांच्या गच्चीवरून

मे महिन्यातील एका रविवारी दुपारी, बेळगावातील शहापूरच्या आमच्या गच्चीवर, मी 70 मिलिमीटरची लहान दुर्बीण सूर्यावर रोखून बसलो होतो आणि शेजारच्या काकू गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ब्याडगी मिरच्या पसरत होत्या. मिरच्यांना हे ऊन मानवते, दुर्बिणीला नाही. सकाळी नवाच्या आत सूर्याची कड रेखीव दिसते. पुढे स्लॅब तापून वरची हवा हलू लागली की तीच कड उतू जाणाऱ्या दुधासारखी थरथरते. परंतु रविवारची सकाळ बाजाराच्या पिशवीला वाहिलेली असते, त्यामुळे माझ्या वाट्याला उकळता सूर्यच येतो.

दुर्बीण घ्यायची ती अधिक प्रकाश मिळावा म्हणून, आणि मी मात्र तिच्या तोंडाशी फिल्टर बसवून लाखातला एकच भाग आत घेतो. तो फिल्टर आकाशाकडे धरून त्याला टाचणीएवढे तरी छिद्र पडले आहे का ते पाहायचे, नेम धरायला नळीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवर टोपण घालायचे, खुर्चीत बसायचे आणि पुन्हा उठून दोन्ही तपासायचे, हा माझा नेम कुलूप ओढून पाहणाऱ्या माणसासारखा आहे. खोक्यातून नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बसवायची एक काळी काचही आली होती, ती मी पहिल्याच दिवशी फोडून टाकली. सूर्याची सारी उष्णता एकवटते नेमकी तिथे ती बसते, आणि तडकली तर डोळा मिटायलाही सवड मिळत नाही. नेम धरण्यासाठी मी नळीची सावली पाहतो. ती आखडून सर्वांत लहान झाली की सूर्य समोर आला.

काकूंनी पदराला हात पुसून डोळा लावला. “डाग पडलाय की हो ह्याच्यावर. काच पुसा की जरा.”

मी नेत्रिका तिच्या जागीच फिरवून दाखवली. धूळ असती तर तीही फिरली असती, डाग जागचा हलला नाही. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,500 अंश सेल्सिअस, डागाचा गाभा त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड आणि म्हणून काळा, असे मी सांगितले. काकू म्हणाल्या, “मग गार झालेल्याला डाग कशाला म्हणायचं?” यावर मला काही सुचले नाही.

छायाचित्रणाविषयी फार बोलण्यासारखे नाही: दोन-तीन हजार चौकटींचा व्हिडिओ घ्यायचा आणि त्यातल्या कमी थरथरलेल्या तेवढ्या संगणकाकडून एकावर एक रचून घ्यायच्या. मात्र माझ्या 700 मिलिमीटर नाभीय अंतराच्या, म्हणजे भिंगापासून तेवढ्या लांब प्रतिमा पाडणाऱ्या, दुर्बिणीतून कॅमेऱ्यावर पडणारा सूर्य जेमतेम साडेसहा मिलिमीटरचा, तुरीच्या डाळीएवढा असतो हे त्या दुपारी पुन्हा मनात आले, आणि खानापूरचे आमचे कौलारू घर आठवले.

16 फेब्रुवारी 1980. खग्रास ग्रहणाचा पट्टा हुबळीवरून जाणार होता. आजीने दारे-खिडक्या लावल्या, दुधात तुळशीपत्र टाकले आणि आम्हां मुलांना माजघरात कोंडले. कौलांच्या फटींतून सारवलेल्या जमिनीवर रोज गोल कवडसे पडत. फट कशीही वेडीवाकडी असो, कवडसा गोलच, आणि मला त्याचे कधी नवल वाटले नव्हते. त्या दुपारी ते सगळे कवडसे एका बाजूने कुरतडले जाऊ लागले आणि पाहता पाहता जमिनीवर डझनभर चंद्रकोरी सांडल्या. आजीने माझे डोळे पदराने झाकले, पण पदर जुना होता. पुढे कळले की कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमाच. सूर्य पाहू नये म्हणून बंद केलेल्या घरात तो आजीच्या पायांशी पसरला होता, आणि ती त्या कोरी ओलांडून देवघराकडे गेली.

तो डाग पश्चिम कडेशी आला होता. पृथ्वीवरून पाहता सूर्याची एक फेरी सुमारे 27 दिवसांची, म्हणजे टिकलाच तर पंधरवड्याने तो पूर्व कडेवर उगवायचा. पंधरवड्याने इकडे मृगाचा पाऊस लागला होता, आणि भिंगाला बुरशी धरू नये म्हणून दुर्बीण कपाटात गेली होती. काकूंच्या मिरच्या डंकावरून कुटून आल्या. वाटीभर चटणी देताना त्यांनी विचारले, “तुमचा तो डाग आला का परत?”

पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की मी नुसतेच आभाळाकडे बोट दाखवले.