आमची वाटचाल: रिफ्लेक्टरपासून झिफ-८ पर्यंत

भोसरी एमआयडीसीतला आमचा गाळा मूळचा व्हॅक्यूम कोटिंगचा, म्हणजे हवा काढलेल्या चेंबरमध्ये वस्तूवर पातळ थर चढवण्याचा. रिफ्लेक्टर, शोभेचं प्लॅस्टिक, असलं जॉबवर्क. थर किती चढला हे कळायला चेंबरमध्ये ६ मेगाहर्ट्झचा, सोनं चढवलेला क्वार्ट्झ क्रिस्टल असतो. चौरस सेंटिमीटरवर साधारण १२ नॅनोग्रॅम बसले की त्याची कंपनसंख्या एका हर्ट्झने उतरते. या क्रिस्टलनेच आम्हाला नव्या धंद्यात ओढलं.

गॅस डिटेक्टर बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, डिस्टिलरीच्या हवेतली स्पिरिटची वाफ तेवढी धरेल आणि ओलावा सोडून देईल, असा थर या क्रिस्टलवर चढेल का? म्हणजे वाफ बसली की वजन वाढेल आणि कंपनसंख्या उतरेल. वाचत, विचारत एमओएफपाशी (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क) पोचलो. धातूचे सांधे, सेंद्रिय रेणूंच्या दांड्या, मध्ये ठरलेल्या मापाची पोकळी.

सुरुवात केली एचकेयूएसटी-१ या तांब्याच्या एमओएफपासून. क्रिस्टल आधी कॉपर ॲसिटेटमध्ये, मग इथेनॉलमध्ये खळबळून ट्रायमेसिक ॲसिडमध्ये, पुन्हा खळबळून तांब्यात. अशा चाळीस फेऱ्या. मार्चमध्ये आकडे इतके सुरेख आले की मी पेढे वाटले. जूनमध्ये पाऊस लागला. बाटलीतली त्याच पदार्थाची गर्द निळी पूड झाकण उघडं राहिलं की आकाशी पडायची, तेव्हाच समजायला हवं होतं. त्यातलं तांबं पाण्याला आधी हात देतं, स्पिरिटला नंतर. दिलेले सगळे नग परत घेतले. त्या वर्षी घर बायकोच्या पगारावर चाललं.

मग झिफ-८, हाही एमओएफच. जस्त आणि २-मिथाइलइमिडाझोल नावाचा सेंद्रिय रेणू, भोकं ३.४ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग), आतल्या भिंती पाण्याला न जुमानणाऱ्या. मिथेनॉलमधली दोन्ही द्रावणं एकत्र केली की बघता बघता दूध होतं. आमचा थर मात्र खरबरीत, ठिपक्याठिपक्यांचा. मी शुद्धतेवर डोकं फोडत होतो. भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "साहेब, आडवं ठेवलंय म्हणून गाळ बसतोय वर. उभं टांगा की!" टेफ्लॉनच्या पट्टीला खाचा पाडून क्रिस्टल उभे टांगले. आता प्रत्येक फेरीला थराचा रंग बदलतो, पाण्यावर सांडलेल्या डिझेलसारखा, आणि मावशी नुसत्या रंगावरून कितवी फेरी ते सांगतात.

पोकळीत अडकलेलं मिथेनॉल काढायला थर व्हॅक्यूममध्ये तापवावा लागतो. इथे जुना धंदा कामी आला, चेंबर तयारच होता.

पावसाळ्यात तरी थोडं पाणी कणांच्या फटीत शिरतंच. म्हणून शेजारी एक कोरा क्रिस्टल ठेवतो आणि दोघांतला फरक वाचतो. तापमानाचे हेलकावेही त्यातच बरेचसे वजा होतात.

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना एमओएफसाठी मिळालं, तेव्हा आमच्या सीएने पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?"

मिथेनॉलची वाफ आणि इथेनॉलची वाफ यांतला फरक आमच्या थराला अजून कळत नाही. तेवढ्यासाठी मागच्या फळीवर सहा बाटल्या वेगळ्या ठेवल्यात, त्यांना हात लावायचा नाही असं मावशींना सांगितलंय.