मोटर-ऑटो बोर्ड: गर्बर काढताना काय काय गळलं

तासगावजवळच्या एका मित्राच्या द्राक्षबागेसाठीचा बोर्ड. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. तिन्ही फेज नीट आले की स्टार्टरला इशारा द्यायचा आणि मोबाईलवर मेसेज टाकायचा, एवढंच त्याचं काम. लेआउट मित्रानेच किकॅडमध्ये, म्हणजे बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलाय. त्याने गर्बरची, म्हणजे कारखान्याला द्यायच्या थरांच्या फाइलींची झिप पाठवली आणि बोर्ड बनवणाऱ्या पीसीबीवाल्यांचं उत्तर आलं, की भोकांची ड्रिल फाइल नाही, पार्ट डागायचे काही पॅड नाहीत, खालचा ग्राउंडचा तांब्याचा पट्टा रिकामा आहे. तेव्हा फाइली माझ्याकडे आल्या.

ड्रिलचं कोडं सोपं होतं. किकॅडमधलं प्लॉटचं बटण फक्त थर काढतं: कॉपर, मास्क (वरचा रंगाचा लेप), सिल्क (छापील अक्षरं), आउटलाइन. गर्बर ही मुळात फोटोप्लॉटरची भाषा, ड्रिल मशीनला एक्सेलॉन नावाची वेगळी भाषा लागते, म्हणून भोकांच्या फाइलींसाठी त्याच खिडकीत वेगळं बटण आहे. त्यातून साधारणपणे दोन फाइली निघतात, एक प्लेटिंगवाल्या भोकांची आणि दुसरी बिनप्लेटिंगची. दुसरी झिपमध्ये टाकायची राहिली तर स्क्रूची भोकं गायब. फाइल नोटपॅडमध्ये उघडता येते. वर एम४८, खाली टी१, टी२ आणि पुढे व्यास. एम३ स्क्रूसाठीचं ३.२ मिमीचं टूल दोन्हींपैकी कुठेच दिसत नसेल, तर पुढे बघायची गरजच नाही. भोकं आहेत पण बोर्डाच्या बाहेर कुठेतरी पडलीत असं दिसलं, तर थर आणि ड्रिल यांचा ओरिजिन, म्हणजे मोजमापाचा शून्यबिंदू, वेगळा निवडला गेलाय.

पीसीबीवाल्यांनी जे विचारलंच नाही, ते मला सगळ्यात गंभीर वाटलं. फेज ओळखणाऱ्या ऑप्टोकप्लरांच्या (तारेचा संबंध न ठेवता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारे पार्ट) पोटाखालून जाणारी खाच. एका बाजूला ४१५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला मायक्रोकंट्रोलर आणि मेसेज पाठवणारं जीएसएम मॉड्यूल. स्टार्टरच्या पेटीत धूळ, दमट हवा, फवारणीचे कण. बोर्डाच्या पृष्ठभागावरून करंट सरपटू नये म्हणून ती खाच. लेआउटमध्ये ती ठळक दिसत होती, पण काढली होती यूजर थरावर, म्हणजे नुसत्या टिपणांच्या थरावर. थ्री-डी दृश्यात लगेच कळलं, तिथे बोर्ड सलग होता. कारखाना कापतो ते एज.कट्स या कडांच्या थरावर असेल तेवढंच. रेषा त्या थरावर नेली, आकार बंद केला आणि रुंदी दोन मिमी ठेवली, कारण धुळीच्या जागी दीड मिमीपेक्षा अरुंद खाच पृष्ठभागावरचं अंतर मोजताना धरतच नाहीत. ड्रिल नसेल तर पीसीबीवाले फोन करतात. खाच नसेल तर कुणी फोन करत नाही, बोर्ड सुंदर बनून येतो.

रिकाम्या ग्राउंडचं कारण झोन, म्हणजे तांबं भरायची जागा, भरलेलाच नव्हता, नुसती हद्द होती. कीबोर्डवर बी दाबा म्हणजे तो भरतो, आणि प्लॉटच्या खिडकीतली झोन तपासण्याची खूण चालू ठेवा. खरं तर रिकामा झोन परवडला, तो डोळ्यांत भरतो. पार्ट हलवल्यावर जुनाच भराव राहिला तर शॉर्ट छापून येतो.

पॅडांनी मात्र वेळ खाल्ला. किकॅडच्याच गर्बव्ह्यू या व्ह्यूअरमध्ये सगळे पॅड होते, समोरच्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जीएसएम मॉड्यूलचे निम्मे नाहीत. फाइल टेक्स्टमध्ये उघडल्यावर धागा मिळाला. गायब झालेले सगळे पॅड गोलसर कोपऱ्यांचे, म्हणजे अपर्चर मॅक्रोने (फाइलीतच लिहिलेल्या आकाराच्या व्याख्येने) काढलेले, आणि पीसीबीवाल्यांचं जुनं कॅम सॉफ्टवेअर ते मॅक्रो गिळत होतं. किकॅडमध्ये मॅक्रो बंद करायची सोय आहे. ती वापरली, फाइल फुगली, पण पॅड आले. ही खूण कायम चालू ठेवू नका, किकॅड स्वतःच ती नको म्हणतं. एक्स२ अॅट्रिब्यूट, म्हणजे फाइलीत थर-पॅडांबद्दल जोडलेली जादा माहिती, तीही उगाच बंद करू नका, ती २०१४ पासून गर्बरमध्ये आहे आणि बहुतेक ठिकाणी चालते. समोरचा अडला तरच काढा.

सिल्कवरची पार्टांची नावं गळाली तर? प्लॉटच्या खिडकीत रेफरन्सची खूण. झालं.

आता नवीन झिप एका रिकाम्या फोल्डरमध्ये उघडून, गर्बव्ह्यू आणि दुसरा एक व्ह्यूअर अशा दोन्हींत पाहिली. प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या फाइली बघून उपयोग नाही, जाणार ती झिप. ऑर्डर गेली आहे. बोर्ड आले की पार्ट लावण्याआधी खाचेच्या दोन्ही बाजूंमध्ये मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावणार, आकडा पुढच्या नोंदीत देतो.