बशीच्या तळाला चिकटवलेलं नाव

ओहायोतल्या या छोट्या गावात आम्हाला आता चार वर्षं होतील. घरापासून पाच मिनिटांवर लाल विटांचं एक चर्च आहे. बाहेरच्या फलकावर ‘युनायटेड मेथडिस्ट’ (मेथडिस्ट हा एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) आणि कोनशिलेवर मात्र ‘मेथडिस्ट एपिस्कोपल’. मला वाटायचं, बांधलं एकांनी आणि आता वापरतंय दुसरंच कुणी. शेजारच्या आजींनी उलगडा केला. चर्च तेच, नाव दोनदा बदललं. गुलामगिरीवरून १८४४ साली अमेरिकेतल्या मेथडिस्टांत उत्तर आणि दक्षिण अशी फूट पडली, ती १९३९ मध्ये सांधली. “सांधली म्हणायची,” आजी हळू आवाजात म्हणाल्या, “पण कृष्णवर्णीय मंडळ्यांना वेगळ्या विभागात टाकून.” १९६८ मध्ये आणखी एक पंथ येऊन मिळाला, ‘युनायटेड’ हा शब्द लागला आणि तो वेगळा विभागही गेला. ही लाजिरवाणी गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही, हे मला फार भावलं.

इथे पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, कोण असावा, हे मंडळी, म्हणजे चर्चला येणारी माणसं, ठरवत नाहीत. बिशप नेमणूक करतात आणि काही वर्षांनी बदलीही. ही रीत घोड्यावरच्या प्रचारकांपासून चालत आलेली. फ्रान्सिस अ‍ॅस्बरी १७७१ मध्ये इंग्लंडहून आले आणि १८१६ मध्ये मरेपर्यंत बहुतेक काळ घोड्यावरूनच हिंडत राहिले, स्वतःचं घर म्हणून त्यांनी कधी केलं नाही. त्यांच्यासारखे प्रचारक वस्तीवस्तीला जायचे, पुन्हा यायला कित्येक आठवडे लागायचे. मधल्या काळात प्रार्थना, आजारी माणसांची विचारपूस, वर्गणी, सगळं गावकऱ्यांनीच बघायचं. आजही तसंच आहे. पाळक येतात आणि जातात. कुणाचं लग्न कुठल्या साली झालं, पूर आला तेव्हा तळघरात कोण कोण झोपलं होतं, हे बाकड्यांवर बसणाऱ्यांनाच ठाऊक.

त्यातही बायकांना. भिंतीवर काचेआड एक गोधडी लावलेली आहे. पांढऱ्या चौकोनांवर लाल दोऱ्याने भरलेली नावं, मधून गोल फिरत गेलेली, चाकाच्या आऱ्यांसारखी. नाव भरायचं तर दहा सेंट द्यायचे, त्या पैशांतून छप्पर दुरुस्त झालं. आजींनी आईचं नाव बोटाने दाखवलं. शेजारच्या चौकोनात एक नाव अर्धवट सुटलेलं होतं, नुसती सुईची भोकं. ते कुणाचं, हेही त्यांना माहीत होतं. दोरा सुटला, माणूस नाही.

पहिल्यांदा गेले त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि वाइन घेण्याचा विधी. मी मागे सरकले, तर पाळकबाईंनी सांगितलं, इथे ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं. (मेथडिस्टांनी बायकांना पाळकपदाचे पूर्ण हक्क १९५६ मध्ये दिले.) छोट्या पेल्यात वाइन नव्हे, द्राक्षरस होता. दारूबंदीच्या आग्रहातून १८६९ साली न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने रस न आंबता टिकवण्याची युक्ती काढली. दुकानात मिळणारा ‘वेल्च’चा द्राक्षरस तो हाच. मुलांसाठी मी तो कित्येकदा आणलाय, त्याचं मूळ चर्चमध्ये आहे हे कधी मनातही आलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आजींचे यजमान गेले. दफनानंतर तळघरातल्या सभागृहात जेवण होतं. हॅम, बटाट्याचं कॅसरोल, जेली घातलेली सॅलडं, सगळं घराघरांतून आलेलं. मी मसालेभात नेला. जेवणं झाल्यावर भांडी घासायला उभी राहिले. काचेच्या प्रत्येक बशीच्या तळाला कागदी चिकटपट्टी, तिच्यावर पेनने नाव. बशी ज्याची त्याला परत जावी म्हणून. एका बशीवरचं नाव मी ओळखलं, गोधडीवर वाचलेलं. त्या बाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी विचारलं, ही कुणाकडे द्यायची?

“ती इथेच असते,” पुसणारी बाई म्हणाली आणि पट्टीला धक्का न लावता बशी फळीवर ठेवली. मग माझं पातेलं उपडं केलं, नवी पट्टी फाडून घेतली आणि नावाचं स्पेलिंग विचारलं.