पाण्याबरोबर उतरायच्या बागा: रोमजवळची एक कोच टूर

रोमला गेलेली आपली मंडळी कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेवीचं कारंजं बघतात आणि फ्लोरेन्सच्या गाडीत बसतात. पण रोमच्या भोवती, लात्सिओ प्रांतात, सोळाव्या शतकातल्या कार्डिनलांनी (पोपच्या खालोखालचे बडे धर्मगुरू) एकमेकांवर कडी करत बांधलेले वाडे आणि बागा आहेत, त्यांच्यासाठी दिवस राखून ठेवावेत. तिवोली, काप्रारोला, बान्याया आणि बोमार्त्सो अशी आमची टूर होती, सोबत कलेच्या इतिहासात मुरलेली गाइड. तिवोलीला स्वतःचं स्वतः जाता येतं. बाकीची तीन गावं बस-रेल्वेनं जोडायची तर अख्खा दिवस वाट बघण्यातच जातो, म्हणून इथे कोचचे पैसे वसूल होतात.

तिवोलीला आधी हेड्रियन बादशहाचा व्हिला पाहिला. दुसऱ्या शतकातला हा पसारा शंभराहून जास्त हेक्टरांचा आहे आणि सावली कमी. टोपी हवीच. तो आधी बघण्याला कारण आहे. पिर्रो लिगोरियो या वास्तुकारानं इथे उत्खनन केलं आणि इथल्या मूर्ती, संगमरवर वर गावातल्या व्हिला देस्तेसाठी नेला. कार्डिनल इप्पोलितो देस्ते 1550 मध्ये तिवोलीचा गव्हर्नर झाला. पुढे त्याच्यासाठी लिगोरियोनं डोंगरउतारावर जी बाग आखली, तिच्यात एकही पंप नव्हता. आनिएने नदीचं पाणी गावाखालून बोगद्यानं आणलं आणि पुढचं सगळं काम उतारानं केलं. शंभर कारंज्यांच्या रांगेशी अगदी जवळ जाऊन उभं राहा. दगडी चेहऱ्यांवर शेवाळ इतकं दाटलंय की काहींचं फक्त तोंड उरलंय, आणि त्यातून धार अजून सरळ पडते. ऑर्गन कारंज्यात पाण्याच्या जोरानं हवा नळ्यांमध्ये ढकलली जाते आणि खरंच सूर निघतात. ते ठरावीक वेळांनाच वाजतं, तेव्हा आत शिरल्या शिरल्या वेळ विचारून घ्या आणि बाकीची बाग त्याभोवती बसवा.

काप्रारोलाला कोच खाली थांबतो आणि गावाच्या मधोमध कापलेल्या सरळ, चढत्या रस्त्यानं वाड्यापर्यंत चालावं लागतं. गुडघे दुखत असतील तर हे आधीच सांगून ठेवा. पण हा रस्ता चालूनच जायला हवा, कारण तो वाड्यासाठीच आखलाय. वाडा पंचकोनी, कारण सुरुवात किल्ला म्हणून झाली होती. 1559 पासून विन्योला या वास्तुकारानं कार्डिनल आलेस्सांद्रो फार्नेसेसाठी त्याचा महाल केला आणि पंचकोनाच्या पोटात गोल चौक बसवला. जोडखांबांचा गोल जिना चढताना मान आपोआप वर जाते, आणि पायऱ्यांवरून नजर हटते. कठडा धरा. नकाशांच्या दालनात भिंतींवर खंडांचे नकाशे आहेत, छतावर राशी आणि तारकापुंज. आमचा सगळा ग्रुप आशियाच्या भिंतीपाशी भारत शोधत बसला आणि गाइडनं तो मनसोक्त शोधू दिला. वाड्यामागची वरची बाग रोज, सगळ्यांना उघडी असेलच असं नाही. टूरमध्ये ती धरलीय का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

माझ्या मते या टूरचं खरं मोल आहे बान्यायाच्या व्हिला लान्तेत. कार्डिनल गांबाराची ही बाग आकारानं लहान आहे आणि तिचा आराखडा विन्योलाचा मानतात. फाटक खालच्या अंगाला आहे. सगळे तिथेच, चौकोनी हौद आणि कातरलेल्या कुंपणांमध्ये फोटो काढत बसतात, आणि वर पोचेपर्यंत वेळ संपतो. तुम्ही उलट करा. कुठेही न थांबता थेट वरच्या टोकाला जा, जिथे पाणी शेवाळलेल्या खडकांतून रानटीपणे फुटतं, आणि मग त्याच्याबरोबर खाली या. ते आधी दगडात कोरलेल्या लांबट झिंग्याच्या अंगावरून, वळशावळशानं उड्या मारत येतं (झिंगा हे गांबारांच्या घराण्याचं चिन्ह). पुढे ते एका लांब दगडी टेबलाच्या मधल्या पन्हळीतून शांतपणे वाहतं. मेजवानीत इथे पाण्यात वाइन गार करत. शेवटी हौदांमध्ये आरशासारखं स्थिर होतं. रानापासून शिस्तीपर्यंतची ही गोष्ट वरूनच वाचता येते.

उतरताना उजवी-डावीकडे दोन सारख्या बंगल्या दिसतात. त्यांतल्या गांबाराच्या बंगलीचा व्हरांडा चुकवू नका. तिथे भिंतीवर याच बागेचं चित्र आहे, आणि शेजारी तिवोली आणि काप्रारोलाचीही. म्हणूनच बान्याया त्या दोघांनंतर बघावं.

बोमार्त्सोच्या राक्षसांच्या बागेला तासभर पुरला. इथला जहागीरदार विचिनो ओर्सिनी यानं जागच्या खडकातच कोरून घेतलेले हत्ती, कासव, आ वासलेलं राक्षसाचं तोंड, मुद्दाम कललेलं घर. मुलं सोबत असतील तर त्यांना हेच सगळ्यात आवडेल. पावसानंतर वाटा निसरड्या होतात, पकड असलेले बूट घाला.

काही कामाच्या गोष्टी. युरोपात कोचच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते आणि सगळी नोंद यंत्रात होते, म्हणून ‘पाच मिनिटं थांबा ना’ म्हणून त्याच्या मागे लागू नका. सोमवारी इटलीतली बरीच सरकारी स्मारकं बंद असतात, तेव्हा टूरची सुरुवात कोणत्या वारी आहे ते बघा. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. ऑगस्टचं ऊन या चढ-उतारांवर सोसत नाही. बाटली भरताना नळावर ‘नॉन पोताबिले’ लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

आणि पैसे भरण्याआधी टूरवाल्यांना विचारा, बान्यायाला किती वेळ ठेवलाय. दीड तासापेक्षा कमी असेल तर दुसरी टूर शोधा.