आमची वाटचाल : बारीक धानामागचं जाडं धान

नागपुरात बियाणं विकणारे गल्लोगल्ली आहेत. स्वतः संकर करून धानाचे वाण काढणारी छोटी कंपनी मात्र शोधावी लागेल, आणि ती आमची आहे हे आम्ही अभिमानाने सांगतो. ऑफिस इतवारीत, प्लॉट मौद्याकडे.

आमचं खरं भांडवल म्हणजे थंड खोलीत जपलेली लुचईसारखी जुनी धानं. 1966 च्या आयआर-8 या वाणापासून पुढच्या बहुतेक बुटक्या वाणांत बुटकेपणाचं जनुक डी-जिओ-वू-जेन या एकाच तैवानी धानातून आलं. त्यामुळे खत मानवलं, धान लोळायचं थांबलं, उतारा वाढला. पण त्याच गोतावळ्यात संकर करत राहिलं की उतारा अडतो आणि एकच कीड सगळं शिवार घेऊन बसते. आयआर-36 या वाणाला ग्रासी स्टंट या झाड खुजं करणाऱ्या रोगातून वाचवणारं जनुक शेवटी ओरायझा निवारा या जंगली धानात सापडलं, तेही हजारो नमुने तपासून एका नमुन्यात.

गादमाशी या धानाच्या किडीला तोंड देणारा जुना जाडा वाण संकराला घेतला की जाडेपणाही सोबत येतो. म्हणून बारीक वाणाशी तीन-चार बॅकक्रॉस, म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच वाणाशी संकर, करावे लागतात आणि दर पिढीत गादमाशीच्या भागातच झाडं पारखावी लागतात. माशी नसेल त्या वर्षी सगळीच झाडं चांगली दिसतात.

संकर करताना मादी झाडाची लोंबी अर्धी निसवली की संध्याकाळी फुलाचा वरचा एक तृतीयांश भाग तिरका कापायचा, सहाही परागकोश काढायचे, बटर पेपरची पिशवी चढवायची. एक परागकोश राहिला तरी स्वपरागण होतं. दुसऱ्या दिवशी दहा ते बाराच्या दरम्यान नर लोंबी वरून झटकायची, कारण पराग काही मिनिटंच टिकतो. चिमटा घड्याळजीचाच घ्यावा. टोकं जुळत नसली की कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा फुलाचा भाग, दुखावते आणि दाणा भरत नाही.

आमचा सर्वांत चांगला बारीक वाण शहरातल्याच एका कंपनीने बीजोत्पादकाच्या खळ्यावरून उचलला आणि आमच्याहून स्वस्तात विकला. भेसळ काढलेलीच नव्हती, बोल मात्र आमच्या वाणाला लागला. दुकानदारांनी पिशव्या परत केल्या, बँकेने हात आखडला. वाण हक्काचा कायदा 2001 चा, पण नोंदणीसाठी वेगळेपण, एकसारखेपणा, स्थैर्य सिद्ध करेपर्यंत हंगाम निघून जातात. एचएमटी हा बारीक वाण निवडणारे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांच्या वाट्याला काय आलं, ते विदर्भात सांगायला नको. ही चोरी आम्ही विसरलेलो नाही.

तेव्हा साकोलीकडचे एक कृषी केंद्रवाले काका तेवढे आमच्याकडून हलले नाहीत. त्यांनी दोन्ही पिशव्यांतलं बियाणं शेजारशेजारच्या बांध्यांत रोवायला लावलं आणि निसवल्यावर गिऱ्हाइकांना धुऱ्यावर नेऊन उभं केलं. आमच्याकडे लोंब्या एका पातळीत, पलीकडे हात-हात उंच झाडं आणि मध्येच कुसळवाल्या लोंब्या. पुढच्या हंगामाचे पैसे काकांनी आगाऊ दिले, त्यावर कंपनी उभी राहिली.

घरचं बियाणं ठेवत असाल तर दोन वाणांत 3 मीटर अंतर सोडा आणि भेसळ निसवतानाच उपटा, कापणीच्या वेळी नाही. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून धान त्यात टाका, तरंगलेलं पोचट काढा, तळाचं दोनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. न धुतलेल्या बियाण्याची उगवण मिठाने मार खाते, आणि मग तक्रार आमच्याकडे येते.